एस्कोबारची घरं, आमच्या कोर्टातला पंच आणि तुमची अभ्यासिका

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली, कोलंबियाचा कोकेन तस्कर पाब्लो एस्कोबार याने मेडेलिन शहरातल्या गरिबांना घरं बांधून दिली, मैदानांवर दिवे लावले, ते दान खरं होतं की देखावा, आणि त्याच्या पापातून ते वजा करायचं का. दुसरी, तुमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेला एक जण पैसे देऊ करतोय, त्याचा धंदा एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाचा, आहे असं सगळे दबक्या आवाजात बोलतात, तर ते पैसे घ्यावेत का. मला वाटतं दुसऱ्या प्रश्नानेच तुमची झोप उडवली आहे आणि पहिला त्याच्या पोटातून आलाय. म्हणून दोन्हींचं उत्तर एकत्र देते.

मी मुंबईच्या सत्र न्यायालयात अमली पदार्थांचे खटले सरकार पक्षातर्फे बरीच वर्षं चालवले. एस्कोबारबद्दल हाती लागेल ते वाचायची सवय मला त्या कामातून लागली. त्याने मोठ्या प्रमाणावर जे केलं, ते लहान प्रमाणावर माझ्यासमोर रोज चालायचं.

आधी थेट उत्तर देते. दान खरं होतं. घरं विटा-सिमेंटची होती, त्यांत खरी माणसं राहायला गेली आणि आजही राहतात. ते खरं होतं म्हणूनच त्याच्या कामी आलं. टेबलामागच्या माणसाला पाकीट देता येतं. वस्तीला हजार डोळे असतात, गाडी कधी आली, कोण उतरलं, पोतं कुठल्या खोलीत गेलं हे सगळं त्या डोळ्यांना दिसतं. हजार जणांना पाकिटं वाटत बसता येत नाही. त्यांना मैदान देता येतं, दिवे देता येतात, आजारपणात गाडी देता येते. लाच एका माणसाचं तोंड बंद करते आणि दान अख्ख्या गल्लीचं. माझ्या मते ही एकाच खात्याची दोन पानं आहेत, त्यामुळे एकातून दुसरं वजा करण्याचा प्रश्नच येत नाही.

आता मेडेलिन. हे कापडगिरण्यांचं शहर. कोल्तेखेर, फाब्रिकातो ही तिथल्या गिरण्यांची नावं, आपल्याकडच्या फिनिक्स किंवा मफतलालसारखी घरोघरी माहीत असलेली. सत्तरच्या दशकात त्या उद्योगाला उतरती कळा लागली, आणि खेड्यांतून आलेल्या माणसांना शहरात काम उरलं नाही. 1982 च्या संपानंतर लालबाग-परळच्या चाळींत काय झालं, गिरणी कामगारांची किती पोरं टोळ्यांच्या हाताला लागली, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना मेडेलिन समजायला वेळ लागत नाही.

साधारण 1977 ते 1984 या काळात हे शहर आपला कचरा मोराव्हिया नावाच्या भागात टाकत होतं. तिथे कचऱ्याचा डोंगर झाला आणि त्या डोंगरावर माणसं राहू लागली. कचरा वेचायचा, विकायचा आणि त्यावरच पत्र्या-पुठ्ठ्याचं खोपट उभारायचं. देवनारच्या डम्पिंगशेजारी ज्यांनी दिवस काढलेत त्यांना पायाखालची धग, डोळ्यांत जाणारा धूर आणि अन्नालाही येणारा तो वास सांगावा लागत नाही. तिथे आग लागली, खोपटं जळाली, आणि एस्कोबार मदत घेऊन पोचला. पुढे 'मेडेलिन सिन तुगुरिओस', म्हणजे झोपडपट्टीमुक्त मेडेलिन, अशी मोहीम निघाली. काही पाद्री त्याच्या बाजूला उभे राहिले. निधीसाठी बैलांच्या झुंजीचा कार्यक्रम झाला. हजार घरांची घोषणा झाली आणि शहराच्या पूर्वेकडच्या डोंगरउतारावर 443 घरं उभी राहिली. त्या वस्तीला लोक आजही बार्रिओ पाब्लो एस्कोबार म्हणतात. मैदानांवरचे दिवे वेगळेच. दिवसभर राबणाऱ्या पोराला रात्री फुटबॉल खेळता येणं ही किती मोठी गोष्ट असते, हे तुम्ही वस्तीत काम करता, तुम्हाला ठाऊक आहे.

ज्या बाईला कचऱ्याच्या डोंगरावरून उचलून पक्क्या छपराखाली आणलं, तिने त्याचा फोटो देवाशेजारी लावला तर मी तिला एका शब्दानेही दोष देणार नाही. तिच्यापुढे दुसरं कुणी आलंच नव्हतं. दोष द्यायचाच तर तिला डोंगरावर सोडून देणाऱ्या शहराला द्यावा.

पण तारखा पाहा. अमेरिका आणि कोलंबिया यांच्यात गुन्हेगार प्रत्यार्पणाचा करार झाला 1979 मध्ये. कोकेनचा धंदा करणाऱ्यांना कोलंबियातल्या तुरुंगाची भीती नव्हती, तो त्यांना विकत घेता येत होता. भीती होती अमेरिकेतल्या तुरुंगाची. करारापासून वाचायचं तर संसदेत माणसं हवीत, स्वतः गेलेलं उत्तम. 1982 च्या मार्चमध्ये एस्कोबार प्रतिनिधीगृहावर पर्यायी सदस्य म्हणून निवडून आला. त्याबरोबर संसदेचं संरक्षण मिळालं. घरांची मोहीम, मैदानांची उद्घाटनं, भाषणं आणि उमेदवारी ही सगळी त्याच दोन-तीन वर्षांतली. 1983 च्या एप्रिलमध्ये 'सेमाना' साप्ताहिकाने त्याच्यावर लेख छापला, त्यात त्याला आंतिओकियाचा, म्हणजे मेडेलिन ज्या प्रांतात आहे त्याचा, रॉबिनहूड म्हटलं. पैसा कुठून येतो हे सगळ्यांच्या पोटात असूनही ओठांवर येत नव्हतं.

एका माणसाने ते बाहेर काढलं. गियेर्मो कानो, 'एल एस्पेक्तादोर' या वृत्तपत्राचे संपादक. ही गोष्ट मला फार जवळची वाटते, कारण ती एका जुन्या फायलीची गोष्ट आहे आणि फायली कशा मरतात हे मी आयुष्यभर पाहिलंय. 1976 मध्ये ट्रकच्या स्टेपनीत लपवलेल्या 39 पौंड कोकेनसह एस्कोबारला अटक झाली होती. तो खटला एका न्यायाधीशाकडून दुसऱ्याकडे, एका गावातून दुसऱ्या गावात फिरत राहिला आणि एस्कोबार काही महिन्यांत सुटला. अटक करणारे अधिकारी नंतर मारले गेले. कागद गायब झाले. सरकारी दप्तरातून सगळं पुसलं गेलं, पण वृत्तपत्राच्या स्वतःच्या दप्तरात त्या वेळची बातमी आणि फोटो शिल्लक होता. कानो यांना तो चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, त्यांनी जुने अंक काढून घेतले आणि 25 ऑगस्ट 1983 रोजी ती बातमी पुन्हा छापली. त्या दिवशी मेडेलिनमध्ये एस्कोबारच्या माणसांनी अंकांचे गठ्ठेच्या गठ्ठे विकत घेतले, लोकांच्या हाती पडू नयेत म्हणून. तेव्हाचे कायदामंत्री रोद्रिगो लारा बोनिया हेही त्याच्या मागे लागले होते. त्यांनी कोकेनवाल्यांच्या पैशाबद्दल तोंड उघडताच एस्कोबारच्या सोबत्याने संसदेत एक चेक नाचवला: दहा लाख पेसोंचा, एका तस्कराने लारा यांच्या प्रचाराला दिलेला. हे लक्षात ठेवा, तुमच्या कामाला येईल. ज्याला विकत घेता येत नाही त्याच्या हाताला आपल्या पैशाचा डाग लावून ठेवायचा, म्हणजे तो बोलायला उभा राहिला की दाखवता येतो.

लारा मागे हटले नाहीत. 1984 च्या मार्चमध्ये जंगलातल्या त्रांकिलांदिया या कारखान्यावर छापा पडला, 13 टनांहून जास्त कोकेन नष्ट झालं. 30 एप्रिलला राजधानी बोगोतात मोटरसायकलवरच्या पोरांनी लारा यांना त्यांच्या गाडीत गोळ्या घातल्या. त्या खुनाचा तपास करणारे न्यायाधीश तुलिओ मानुएल कास्त्रो हिल 1985 मध्ये मारले गेले. 1976 च्या प्रकरणातल्या अधिकाऱ्यांच्या खुनाबद्दल एस्कोबारवर वॉरंट काढणारे न्यायाधीश गुस्ताव्हो सुलुआगा ऑक्टोबर 1986 मध्ये मारले गेले. 17 डिसेंबर 1986 ला, नाताळच्या तोंडावर, कानो यांना त्यांच्याच कचेरीबाहेर मारलं. 'प्लाता ओ प्लोमो' ही तिकडची म्हण झाली आहे, चांदी घेतोस की शिसं, म्हणजे पैसा की गोळी? लोक ती फार चवीने सांगतात. मला ती ऐकवत नाही. ज्यांनी शिसं घेतलं त्यांची नावं कुणाच्या तोंडी नाहीत.

भ्रष्ट करणं म्हणजे पैसे खाऊ घालणं, एवढाच अर्थ आपण घेतो. वकील म्हणून मला त्याहून खोल गेलेली कीड दिसते ती अशी. 1991 मध्ये कोलंबियाने चेहरा नसलेले न्यायाधीश नेमले. न्यायाधीश काचेमागे बसणार, आवाज यंत्रातून बदलून येणार, नाव कुणाला कळणार नाही. प्रामाणिक माणसाला जिवंत ठेवायचा तेवढाच मार्ग उरला होता. पण आरोपीच्या बाजूने पाहा. आपल्याला शिक्षा कोण देतंय हे त्याला कळत नाही, साक्षीदार कोण तेही कळत नाही. निरपराध माणूस अशा कोर्टात काय करणार? ज्यांनी एस्कोबारचा एक पेसोही घेतला नाही, त्यांच्या हातचा न्यायही त्याने असा विद्रूप करून टाकला.

आणि मारणारी पोरं कुठली होती? त्याच डोंगरउतारांवरच्या वस्त्यांतली, पंधरा-सोळा वर्षांची. तिकडे त्यांना सिकारिओ म्हणतात. पहिल्या सुपारीच्या पैशातून आईला फ्रिज घेणारी, मंगळवारी मेडेलिनजवळच्या साबानेताच्या चर्चमध्ये मेरी माउलीपुढे मेणबत्ती लावणारी पोरं. 1990 मध्ये एस्कोबारने पोलीस मारण्याचे दर ठरवून दिले तेव्हा मेडेलिनमध्ये शेकडो पोलीस पडले, आणि ते शिपाईही गरिबाघरचेच होते. ज्या वस्तीला मैदान मिळालं तिने त्याची किंमत आपल्या पोरांनी मोजली, गोळी झाडणारेही तिचेच आणि खाणारेही. 1991 या एका वर्षात त्या शहरात सहा हजारांहून जास्त खून झाले. त्याआधी 1989 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार लुईस कार्लोस गालान सभेच्या व्यासपीठावर मारले गेले, ज्यांनी सात वर्षांपूर्वी एस्कोबारला आपल्या पक्षातून बाहेर काढलं होतं. नोव्हेंबरमध्ये आव्हिआंका कंपनीचं प्रवासी विमान आकाशात फुटलं, 110 माणसं गेली. ज्याच्यासाठी बॉम्ब ठेवला होता तो विमानात नव्हताच.

19 जून 1991 ला तो शरण आला. त्याच दिवशी घटना समितीने प्रत्यार्पणावर बंदी घातली. तुरुंग त्याने स्वतः निवडलेला, लहानपण गेलेल्या एन्विगादो गावाच्या वरच्या डोंगरावर, ला कातेद्राल. फुटबॉलचं मैदान, बार, पाहुण्यांची ये-जा. तिथेच त्याने आपल्या धंद्यातल्या दोन साथीदारांचा, गालेआनो आणि मोंकादा यांचा, काटा काढला, आणि सरकारने दुसरीकडे हलवायचं ठरवताच 22 जुलै 1992 ला तो निघून गेला. शेवट तुम्हाला माहीत आहे: 2 डिसेंबर 1993, मेडेलिनमधल्या एका घराचं कौलारू छप्पर. अंत्ययात्रेला हजारो लोक आले, शवपेटीला हात लावायला रडत धावले. त्यांच्या रडण्यात मला काहीही खोटं दिसत नाही.

आता माझ्या कोर्टातली एक गोष्ट. एमडीची केस होती. जप्ती पंचांसमोर, म्हणजे पोलिसांनी साक्षीला बोलावलेल्या दोन माणसांसमोर, झालेली, लाखेचं सील, लेबलवर दोन पंचांच्या सह्या, कलिन्याच्या प्रयोगशाळेचा अहवाल, सगळं नीट. पहिला पंच गाव सोडून गेलेला, सापडत नव्हता. सगळी भिस्त दुसऱ्यावर. तो त्याच नाक्यावर वडापावची गाडी लावायचा. साक्षीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, हाताला बेसनाचा वास तसाच. मुद्देमालाचं पाकीट उघडून मी त्याला लेबल दाखवलं. "ही सही कुणाची?" "माझी." "तुमच्यासमोर काय जप्त केलं?" तो खाली बघत म्हणाला, "काय नाय साहेब. पोलिसांनी चौकीत बोलावून कोऱ्या कागदावर सही घेतली." मी त्याला फितूर घोषित करण्याची परवानगी घेतली, तासभर उलटतपास घेतला. तो त्या एका वाक्यावरून हलला नाही. आरोपी सुटला.

नंतर व्हरांड्यात तो स्वतःहून माझ्याजवळ आला. मला वाटलं पैसे घेतले असतील किंवा दम भरला असेल. म्हणाला, "मॅडम, रागावू नका. माझ्या पोरीचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा रात्री दोनला त्याने गाडी काढली. हॉस्पिटलचं डिपॉझिट त्याने भरलं. परत मागितलं पण नाय कधी. मी कसा बोलू त्याच्याविरुद्ध?" मला उत्तर सुचलं नाही. त्या माणसाने एक रुपयाही लाच खाल्ली नव्हती. त्याची कृतज्ञता खरी होती आणि ती वर्षभर आधी, बिनव्याजी, कुणाच्या तरी खात्यात जमा करून ठेवलेली होती. लाच दिली हे मी सिद्ध करू शकले असते. उपकार कुठल्या कलमाखाली सिद्ध करायचा?

आपल्या मुंबईला हे नवं नाही. माटुंगा स्टेशनबाहेर वरदराजन मुदलियारचा गणपती बसायचा, त्याच्या दर्शनाला रांगा लागायच्या, आणि त्याची हातभट्टी धारावीपासून कुठे कुठे पोचत होती हे रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तेव्हा दारू होती, आता पावडर आहे. देणाऱ्याची रीत तीच आहे.

तर तुमची अभ्यासिका. पैसे घेऊ नका. हे मी सोवळेपणाने सांगत नाही, तीन कारणं आहेत आणि पहिलं कायद्याचं आहे. एनडीपीएस कायद्याच्या कलम 8ए प्रमाणे अमली पदार्थांच्या गुन्ह्यातून आलेली मालमत्ता जाणूनबुजून घेणं, बाळगणं, वापरणं हाच गुन्हा आहे, आणि कलम 27बी खाली त्याला किमान तीन, जास्तीत जास्त दहा वर्षं सक्तमजुरी आहे. "सगळे दबक्या आवाजात बोलतात" असं तुम्ही स्वतः लिहिलंय. उद्या तुम्हाला माहीत नव्हतं असं म्हणता येणं कठीण. दुसरं, लारा बोनियांचा तो चेक आठवा. तुमच्या संस्थेच्या पावतीवर त्याचं नाव आलं की पुढे त्याच गल्लीतल्या पोराला व्यसन लागल्याची तक्रार घेऊन तुम्ही पोलीस ठाण्यात गेलात, तर ती पावती तुमच्या आधी तिथे पोचलेली असेल. तिसरं, तुमच्या अभ्यासिकेत बसणारी पोरं. ती त्याच्या नावाच्या पाटीखाली बसून दहावीचा अभ्यास करतील, आणि दोन वर्षांनी त्याचा माणूस एखादं पाकीट स्टेशनपर्यंत पोचवायला सांगेल, तेव्हा नाही म्हणायला जीभ कशी वळेल? एस्कोबारला पोरं शोधायला कुठे लांब जावं लागलं नाही.

नकार कसा द्यायचा, हेही महत्त्वाचं आहे. त्याच्यावर आरोप करू नका, भाषण देऊ नका, वस्तीत चर्चा करू नका. तुम्हाला तिथेच राहायचं आहे. संस्था देणगी फक्त चेकने, पॅन क्रमांक घेऊन आणि धर्मादाय आयुक्तांकडच्या हिशेबात दाखवूनच स्वीकारते, कुणाच्या नावाची पाटी लावत नाही, असा ठराव बैठकीत करून घ्या आणि तो सगळ्यांना सारखा लावा, नगरसेवकालाही. मग तुम्हाला त्याला वेगळं काही सांगावं लागणार नाही, तोच येणं बंद करील. तरी चेक घेऊन आलाच, तर थांबा आणि मला कळवा.

वस्तीतल्या ज्या आयांनी त्याच्याकडून औषधाला, फीला पैसे घेतलेत त्यांना काही बोलू नका. त्या अडचणीत होत्या आणि तुम्ही-आम्ही तिथे नव्हतो. मात्र पुढच्या वेळी कुणाची पोर रात्री दोनला आजारी पडली तर 108 ला फोन कोण करणार, सोबत कोण जाणार, धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटेसाठी कुणाशी बोलायचं, याची दोन-चार माणसांची नावं आणि फोन नंबर अभ्यासिकेच्या दारावर लावा. माझ्या वडापाववाल्या पंचाला त्या रात्री एवढंच हवं होतं.

मेडेलिननेही शेवटी जे केलं ते याच जातीचं होतं, फक्त मोठं. 2004 मध्ये डोंगरावरच्या वस्त्यांपर्यंत केबलकार नेली, मेट्रोच्याच तिकिटात. त्यानंतर वस्त्यांमध्ये ग्रंथालयं बांधली, कोमुना 13 नावाच्या भागात उघड्यावरचे सरकते जिने बसवले. मोराव्हियाच्या कचऱ्याच्या डोंगरावर आता बाग आहे. गुन्हेगारी संपली असं नाही, एस्कोबारनंतर दुसरे आले. पण डोंगरावरून खाली कामाला जाणाऱ्या बाईला आता कुणाचे उपकार मानावे लागत नाहीत, ती तिकीट काढते आणि बसते. 2019 मध्ये एस्कोबारची मोनाको नावाची इमारत पाडली, तिथल्या स्मारकाच्या भिंतीवर 1983 ते 1994 या काळात बळी गेलेल्या 46,612 माणसांसाठी एकेक छिद्र पाडलंय.

अभ्यासिकेसाठी वॉर्ड ऑफिसात समाजकल्याण केंद्राची खोली मागता येते आणि आमदार निधीतून टेबल-खुर्च्या, पंखे, दिवे मिळू शकतात. वेळ लागेल, खेटे घालावे लागतील. अर्जाचा मसुदा मी करून देते. सही तुमच्या एकट्याची नको, ज्यांची मुलं तिथे बसणार आहेत त्या आयांच्या सह्या हव्यात, आणि आवक-जावकवर पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.